पोरगं हरिपाठाला बसत नाही, दिवसभर गेम आणि रॅप

सोलापुरात समुपदेशनाला येणाऱ्या आयांकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते : "लहानपणी माझ्या मांडीला मांडी लावून हरिपाठ म्हणायचा, आता देवाला हातसुद्धा जोडत नाही. सारखा गेम, नाहीतर कानात ते रॅप. ह्याचं कसं व्हायचं?" पुढची हकिकत अशाच एका घरातली. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगा १९ वर्षांचा. वडील यंत्रमागावर टॉवेल विणतात, आई विड्या वळते. डॉक्टरकीच्या प्रवेशासाठीच्या 'नीट' परीक्षेत दुसऱ्यांदा गुण कमी पडले. आईनं सिद्धेश्वराला नवस बोलला होता. निकालानंतर मुलगा म्हणाला, "देवानं माझं ऐकलं नाही, मी त्याचं का ऐकू?" मग रात्री तीनपर्यंत जागरण, दुपारी बारापर्यंत झोप, ताटातलं अन्न तसंच.

अशा वेळी आधी मुलाशी एकट्याशी बोलायचं, आईशी नंतर. उलट केलं की समुपदेशक आईच्या बाजूचा ठरतो आणि मुलगा तोंड उघडत नाही. नैराश्य किती आहे हे मोजणाऱ्या पीएचक्यू-९ प्रश्नावलीत त्याला २७ पैकी १३ गुण मिळाले (गुण जास्त म्हणजे त्रास जास्त). १० किंवा जास्त गुण आले की सविस्तर तपासणी हवीच, म्हणून मनोविकारतज्ज्ञांकडेही पाठवलं. जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ शब्दांत विचारलं. विचारल्यानं नको ते डोक्यात शिरतं, ही समजूत चुकीची आहे. त्याच्या मनात तसं नव्हतं.

गेमवरून घरात रोज भांडण व्हायचं, त्याचं कारण अगदी साधं होतं. शंभर खेळाडूंचा एक सामना २५ ते ३० मिनिटं चालतो. आई मधेच "ठेव तो मोबाइल" म्हणायची. मधेच उठलं की साथीदार अडचणीत येतात, शिव्या पडतात. म्हणून मर्यादा मिनिटांत न घालता सामन्यांत घातली : संध्याकाळी दोन सामने, तेही शाळेतल्या दोन मित्रांसोबत बोलत. रात्री दहानंतर फोन चार्जिंगला स्वयंपाकघरात. वडिलांनी एक सामना शेजारी बसून बघायचा आणि पडलेल्या साथीदाराला उठवायला कोण जातं, एवढंच विचारायचं. हा मुलगा दरवेळी स्वतः जायचा. घरात कुणालाच ते माहीत नव्हतं. ज्याला सगळं संपलंय असं वाटतं, तो दुसऱ्याला उचलायला धावतो, हे त्याला दाखवून देता आलं. गेम हा आजार कधी म्हणायचा? ताबा सुटला, बाकी सगळं मागं पडलं, नुकसान दिसत असूनही थांबता येईना, आणि हे साधारण १२ महिने चाललं, तर. इथं तसं नव्हतं.

गाण्यांसाठी एक वही दिली. गाणं ऐकण्याआधी आणि नंतर मनाला ० ते १० मध्ये गुण द्यायचे. दोन किंवा जास्त गुणांनी मन खाली गेलं, तर ते गाणं रात्री ऐकायचं नाही. रागाच्या गाण्यांनी मन बिघडतं असं आईला वाटत होतं. वहीत उलटंच निघालं : रागाच्या रॅपनंतर त्याला हलकं वाटायचं, एकटेपणाची हळवी गाणी मात्र त्याला खाली ओढायची. पुढं तो स्वतः लिहायला लागला. लहान अभंगाच्या चरणात आठ अक्षरं असतात, हे सांगितल्यावर त्यानं ते मोजून ठेक्यावर बसवलं : "मागावर धागा तुटे, गाठ द्याया बाप उठे." वडिलांनी ते दोनदा म्हणायला लावलं.

ग्रंथाचं काम सगळ्यात नाजूक. "आधी हरिपाठ, मग मोबाइल" हा सौदा पहिल्यांदा बंद केला. असा सौदा केला की पोथी ही मोबाइलची किंमत होऊन बसते, आणि मूल ती नाराजीनंच चुकती करतं. आईनं आपला हरिपाठ नेहमीसारखा मोठ्यानं म्हणायचा, त्याला हाक मारायची नाही. देवावर रुसण्याची त्याला मोकळीक दिली. जनाबाईनं तर विठ्ठलाला शिव्या घातल्या आहेत. वारकऱ्यांनी त्या अभंगांना कधी अश्रद्धा म्हटलं नाही. हे ऐकून तो जरा सैलावला.

वाचायला अख्खी गीता दिली नाही. सहाव्या अध्यायातले ३३ ते ३५ हे तीनच श्लोक, मराठी अर्थासह, सकाळी दहा मिनिटं. अर्जुन म्हणतो, मन वाऱ्यासारखं, आवरत नाही. कृष्ण रागवत नाही. खरं आहे, मन आवरायला कठीण आहे, असं आधी मान्य करतो आणि मगच अभ्यास, म्हणजे पुन्हा पुन्हा सराव, आणि वैराग्य सांगतो. पुढच्या आठवड्यात त्याच अध्यायातला १७ वा : आहार, विहार, झोप, जागरण बेताचं. हा श्लोक थेट वेळापत्रकात उतरवला : सातला उठणं, सिद्धेश्वर तलावाच्या कडेनं अर्धा तास चालणं, साडेदहाला अंथरूण. झोपेची वेळ एकदम चार तास मागं ओढली की पोरं नुसती कूस बदलत पडतात आणि चौथ्या दिवशी सगळं सोडून देतात. म्हणून दर तीन दिवसांनी अर्धा तास.

आईलाही गीतेतलंच एक दाखवलं. पहिल्या अध्यायात ४७ श्लोक आहेत. अर्जुन गळून जातो, बोलत राहतो, आणि कृष्ण जवळजवळ काहीच बोलत नाही. खरा उपदेश सुरू होतो दुसऱ्या अध्यायाच्या ११ व्या श्लोकापासून. मुलाचं तेवढं ऐकून घ्या, मध्ये "मी सांगत होते ना" आणू नका.

दोन महिन्यांनी पीएचक्यू-९ चे गुण १३ वरून ६ वर आले. त्यानं बीएस्सीला प्रवेश घेतला. तो आजही हरिपाठाला रोज बसत नाही. पुढच्या नीटच्या निकालाच्या दिवसांत मित्रांचे गुण कळले की झोप पुन्हा बिघडेल, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवलंय. तेव्हा दोन सामन्यांचा नियम आणि वही परत काढायची, आणि दोन आठवडे जेवण-झोप सुधारली नाही तर पुन्हा तज्ज्ञांकडे यायचं. मरणाची भाषा आली तर मात्र एक दिवसही थांबायचं नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो. आईनं तो फ्रिजवर लिहून चिकटवला आहे.