प्रश्न वाचकांचे : पोर्तुगालच्या रग्बी संघाचे खरे मोल

प्रश्न (म्हापसा) : माझे मामेभाऊ लिस्बनला स्थायिक आहेत. २०२३च्या रग्बी विश्वचषकात पोर्तुगालने फार मोठी कामगिरी केली, असे ते नेहमी सांगतात. आपल्याकडे पोर्तुगाल म्हटले की फुटबॉलच डोळ्यांपुढे येतो. त्या संघाने नेमके काय केले, हे सविस्तर सांगावे.

उत्तर : आपल्या मामेभावांचे म्हणणे योग्य आहे आणि ही कामगिरी गोव्यात जेवढी माहीत असायला हवी होती, तेवढी ती झाली नाही. त्याला एक कारणही होते. पोर्तुगालचा निर्णायक सामना ८ ऑक्टोबर २०२३ या दिवशी झाला आणि त्याच दिवशी चेन्नईत क्रिकेटच्या विश्वचषकात भारत आणि ऑस्ट्रेलिया समोरासमोर होते.

रग्बीच्या विश्वचषकात पोर्तुगाल त्यापूर्वी एकदाच, २००७ साली, खेळला होता. तेव्हा स्कॉटलंड, न्यूझीलंड, इटली आणि रोमानिया यांच्याविरुद्धचे चारही सामने त्याने गमावले आणि त्यांतला न्यूझीलंडविरुद्धचा पराभव १०८-१३ असा होता. पुढच्या तीन विश्वचषकांत या संघाला प्रवेश मिळाला नाही. २०२३चा प्रवेशही सरळ नव्हता. युरोपच्या पात्रता स्पर्धेत स्पेनने अपात्र खेळाडू खेळवल्यामुळे त्याचे गुण कापले गेले, त्याची थेट जागा रोमानियाला मिळाली आणि पोर्तुगालला उरलेल्या एकमेव जागेसाठी नोव्हेंबर २०२२मध्ये दुबईत चार संघांच्या स्पर्धेत उतरावे लागले. तेथे अमेरिकेविरुद्धच्या अखेरच्या सामन्यात बरोबरीही पुरेशी होती, पण वेळ संपत आली तरी संघ मागेच होता. सामुएल मार्केस याने अगदी शेवटी पेनल्टीवर तीन गुण मिळवून १६-१६ अशी बरोबरी साधली आणि गुणफरकाच्या बळावर वीस संघांतला शेवटचा संघ म्हणून पोर्तुगाल फ्रान्सला गेला.

फ्रान्समध्ये त्याच्या गटात वेल्स, जॉर्जिया, ऑस्ट्रेलिया आणि फिजी होते. नीस येथे वेल्सने २८-८ असा विजय मिळवला, परंतु वेल्सची जादा गुण मिळवून देणारी चौथी ट्राय (प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवणे, त्याचे पाच गुण) अगदी शेवटच्या क्षणी झाली. तुलूझ येथे जॉर्जियाशी १८-१८ अशी बरोबरी झाली आणि शेवटी मिळालेली पेनल्टी नुनो सौझा गेदेस याच्याकडून हुकली नसती, तर विश्वचषकातला पहिला विजय तेथेच मिळाला असता. ऑस्ट्रेलियाने ३४-१४ असे हरवले. त्यानंतर पुन्हा तुलूझलाच फिजीशी गाठ पडली. ही फिजी साधीसुधी नव्हती. तिने ऑगस्टमध्ये इंग्लंडला ट्विकनहॅमवर ३०-२२ असे नमवले होते आणि याच विश्वचषकात ऑस्ट्रेलियावर २२-१५ अशी मात केली होती. मध्यंतराला ३-३ अशी बरोबरी होती. उत्तरार्धात राफाएल स्तोर्ती आणि फ्रान्सिस्को फर्नांडिस यांच्या ट्राय झाल्या, तरी सामना संपायला आला तेव्हा फिजी २३-१७ अशी पुढे होती. ७८व्या मिनिटाला रॉड्रिगो मार्ता याने ट्राय केली आणि मार्केसने कन्व्हर्जनचे, म्हणजे ट्रायनंतरच्या किकचे, दोन गुण घेतल्यावर पोर्तुगाल २४-२३ असा जिंकला. ज्या खेळाडूच्या पायाने दुबईत प्रवेश मिळवून दिला होता, त्याच्याच पायाने पहिला विजय दिला. माझ्या मते त्या विश्वचषकातला हा सर्वांत मोलाचा साखळी सामना होता.

प्रश्न (फोंडा) : सामना पोर्तुगालने जिंकला, मग उपांत्यपूर्व फेरीत फिजी कशी गेली?

उत्तर : रग्बीच्या साखळीत विजयाला चार आणि बरोबरीला दोन गुण असतात, चार ट्राय केल्यास एक जादा गुण मिळतो आणि सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरलेल्या संघालाही एक गुण दिला जातो. फिजी एकाच गुणाने हरली, म्हणून तिला तो एक गुण मिळाला आणि तिचे ऑस्ट्रेलियाएवढेच ११ गुण झाले. परस्परांतला सामना फिजीने जिंकलेला असल्यामुळे ती वेल्सच्या मागोमाग पुढे गेली आणि ऑस्ट्रेलिया इतिहासात प्रथमच साखळीत बाद झाला. पोर्तुगाल ६ गुणांसह चौथा आला, जॉर्जिया ३ गुणांसह पाचवा.

प्रश्न (साखळी) : मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. या संघातले खेळाडू नोकरी-व्यवसाय सांभाळून खेळतात, हे खरे आहे काय?

उत्तर : अंशतः खरे आहे. कर्णधार तोमाश अ‍ॅपलटन दंतवैद्य आहे, ही गोष्ट त्या काळात सर्वत्र छापून आली होती आणि ती खरी होती. पोर्तुगालमध्ये रग्बी मुख्यतः लिस्बनच्या परिसरात, विद्यापीठांच्या आश्रयाने वाढली. कायदा आणि कृषी या विद्याशाखांशी नाते सांगणारे क्लब आजही तेथे अग्रभागी आहेत. त्यामुळे शिकता शिकता खेळायचे आणि पुढे आपला व्यवसाय करायचा, अशी तेथली रीत आहे. परंतु २०२३चा संघ केवळ हौशी खेळाडूंचा होता, असे मानणे त्या खेळाडूंच्या मेहनतीवर अन्याय करणारे ठरेल. संघातले बरेच जण फ्रान्सच्या दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीतल्या क्लबांमध्ये पगारावर खेळत होते आणि त्यांपैकी काहींचे आईवडील पोटापाण्यासाठी फ्रान्सला गेलेले पोर्तुगीज होते. मार्केस त्यांतलाच. परदेशी गेलेल्या घरांतली मुले मूळ देशासाठी खेळली, ही बाब ज्या गोव्यातल्या कितीतरी घरांतली माणसे लिस्बन-लंडनला आहेत, त्या गोव्यातल्या वाचकांना वेगळी समजावून सांगायला नको.

प्रश्न (मडगाव) : जुलै २०२५मध्ये आयर्लंडने याच पोर्तुगालला लिस्बनमध्ये १०६-७ असे हरवले. मग फिजीवरचा विजय नशिबाचाच म्हणायचा ना?

उत्तर : नाही, असे मला ठामपणे वाटते, आणि त्याची कारणे सांगणे आवश्यक आहे, कारण छोट्या संघाच्या यशाला नशीब म्हणण्याची सवय फार जुनी आहे.

पहिली गोष्ट अशी की नशीब एका सामन्यात साथ देते, चार सामन्यांत देत नाही. पोर्तुगाल त्या गटात एकदाही मोडून पडला नाही. त्याचे बलस्थान आणि दुबळेपण दोन्ही सर्वांना ठाऊक होते. स्क्रममध्ये एकमेकांना रेटण्याच्या ताकदीत तो मोठ्या संघांपुढे कमी पडत असे, म्हणून प्रशिक्षक पात्रिस लागिस्के यांनी चेंडू थांबू न देण्याचा खेळ बसवला. लागिस्के स्वतः फ्रान्सकडून १९८७च्या विश्वचषकाचा अंतिम सामना खेळलेले वेगवान विंगर (मैदानाच्या कडेने धावणारे खेळाडू) होते आणि २०१९पासून त्यांनी हा संघ घडवला. प्रतिस्पर्ध्याने किक मारून चेंडू परत दिला की बहुतेक छोटे संघ तो पुन्हा किकने दूर धाडतात. पोर्तुगाल मात्र आपल्याच अर्ध्या मैदानातून धावत सुटत असे आणि भराभर पास देत चेंडू कडेपर्यंत नेत असे. त्यात धोका असतो, चेंडू हरवला तर लगेच ट्राय बसते, पण प्रतिस्पर्ध्याच्या अवजड खेळाडूंना दम लागतो. स्तोर्ती आणि मार्ता या दोन्ही विंगर्सच्या ट्राय याच पद्धतीतून आल्या. ठरवून केलेल्या अशा खेळाला नशीब म्हणता येत नाही.

दुसरी गोष्ट १०६-७ची. हा पराभव लाजिरवाणा होता आणि त्याला मुलामा देण्यात अर्थ नाही. आयर्लंडचे अनेक आघाडीचे खेळाडू तेव्हा ब्रिटिश अँड आयरिश लायन्स या ब्रिटन-आयर्लंडच्या निवडक खेळाडूंच्या संघाबरोबर ऑस्ट्रेलियात होते, तरीही एवढा फरक पडला. त्याआधी जुलै २०२४मध्ये दक्षिण आफ्रिकेने ६४-२१ असे आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्कॉटलंडने ५९-२१ असे हरवले होते. लागिस्के यांनी विश्वचषकानंतर प्रशिक्षकपद सोडले आणि संघाला पुन्हा नव्याने सुरुवात करावी लागली. मोठ्या देशात एक खेळाडू गेला की त्याच्या तोडीचे आणखी चार तयार असतात, पोर्तुगालमध्ये ते नसतात. खरे दुखणे त्याहून खोल आहे. सिक्स नेशन्स ही युरोपातली मुख्य स्पर्धा बंद दाराची आहे. २००० साली इटली आत गेल्यापासून नवा संघ घेतलेला नाही आणि तळाच्या संघाला खालीही पाठवले जात नाही. २०२६पासून सुरू होणाऱ्या बारा बलाढ्य संघांच्या नेशन्स चॅम्पियनशिपमध्येही पोर्तुगालला स्थान नाही. विश्वचषकात वेल्स आणि ऑस्ट्रेलियाशी झुंज दिलेल्या संघाला त्यानंतर अशा संघांशी खेळायला वर्षभरात जेमतेम एखाददुसरा सामना मिळत असेल, तर त्याने त्यांची बरोबरी कशी साधावी? सरावाने जे येते ते सरावावाचून मागणे अन्यायाचे आहे आणि हा अन्याय रग्बीच्या चालकांनी दूर करायला हवा.

२०२७चा विश्वचषक ऑस्ट्रेलियात होणार असून संघांची संख्या वीसवरून चोवीस झाली आहे. पोर्तुगालने २०२५च्या युरोपीय स्पर्धेत पहिल्या चारांत येऊन आपली जागा आधीच निश्चित केली आहे आणि या वेळी त्याला दुबईसारख्या शेवटच्या स्पर्धेची वाट पाहावी लागली नाही.