फंड येणार आहे, पण तो कुणाचा?

प्रिय मावशी,
मी 23 वर्षांची, ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) इंजिनिअर झालेय. मास्टर्ससाठी जर्मनीत दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय: टीयू म्युनिक (फी सेमिस्टरला 6,000 युरो) आणि स्टुटगार्ट विद्यापीठाचा इन्फोटेक हा कोर्स (1,500 युरो). म्युनिक रँकिंगमध्ये कितीतरी वर आहे. मैत्रिणी म्हणतात, ते सोडलंस तर मूर्ख ठरशील. पैशाचा प्रश्न नाही, बाबा मेमध्ये रिटायर होतायत, फंड येईलच. काय करू?
– स., सातारा
(पत्र संक्षिप्त केले आहे.)

स.,
तुझ्या मूळ पत्रात चार पानं रँकिंग आहे आणि बाबांच्या फंडाला एक वाक्य. मी त्या वाक्याबद्दलच बोलणार आहे.

‘फंड येईलच.’ मग जूनपासून आई-बाबांचं घर कशावर चालणार? पेन्शन आहे का, किती? पत्रात त्याबद्दल चकार शब्द नाही. म्हणजे तू विचारलंच नाहीस. आणि बाबांनी ‘तू काळजी करू नकोस’ म्हणून विषय मिटवला असेल. त्यांचंही मला कौतुक नाही. पोरगी 23 वर्षांची आहे, तिच्यापुढे हिशेब मांडायला काय हरकत होती?

आता वही घे. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीकच रक्कम काढता येणारं खातं) 11,904 युरो भरावे लागतात, त्यातले महिन्याला 992 हातात येतात. विद्यार्थी आरोग्य विमा त्यातूनच जातो. हे झालं एका वर्षाचं. दुसऱ्या वर्षी निवास परवाना वाढवताना खर्चाची सोय पुन्हा दाखवावी लागते, आणि पहिल्याच वर्षाचे पैसे जमवून गेलेली पोरं तिथे अडकतात. दोन वर्षांचे धर 23,808. त्यात चार सेमिस्टरची म्युनिकची फी 24,000, स्टुटगार्टची 6,000. एकूण 47,808 आणि 29,808. फरक 18,000 युरो. युरो शंभर रुपयांना धरला तरी अठरा लाख! आणि म्युनिकमध्ये 992 मध्ये भाडं आणि जेवण दोन्ही बसवणं कठीणच. स्टुटगार्टही स्वस्त नाही म्हणा.

हे सगळं चार सेमिस्टरमध्ये सुटलीस तर. शेवटचं सेमिस्टर थिसिसमध्ये जातं. मध्ये कंपनीत इंटर्नशिप केलीस किंवा दोन पेपर राहिले की पाचवं सेमिस्टर लागतं. म्युनिकमध्ये त्या एका सेमिस्टरचे राहण्या-खाण्यासकट जवळपास 12,000 युरो, म्हणजे आणखी बारा लाख. स्टुटगार्टमध्ये साडेसात हजार युरो.

‘पार्टटाइम करीन’ म्हणशील. वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं, कायद्याने. पण पहिलं सेमिस्टर परीक्षा समजून घेण्यातच जातं, आणि जर्मन येत नसेल तर इंजिनिअरिंगचं काम लवकर हाती लागत नाही. नंतर मिळालेल्या कमाईतून 1,500 निघतील. 6,000 निघणार नाहीत.

राहिलं रँकिंग. टीयू म्युनिक क्यूएस या जागतिक विद्यापीठ क्रमवारीत जर्मनीत पहिलं आहे, मान्य. सीमेन्स, इन्फिनिऑन, बीएमडब्ल्यू म्युनिकला आहेत, तेही मान्य. पण बॉश, मर्सिडीज आणि पोर्श स्टुटगार्टच्या आसपास आहेत. थिसिस कोणत्या कंपनीत केला आणि मुलाखत जर्मनमध्ये देता येते का, याला तिथे मोठं वजन आहे. मैत्रिणींना हे माहीत नसेल, कारण पैसे त्यांना भरायचे नाहीत.

स्टुटगार्टला जा. आणि बाबांच्या फंडाला हात लावू नकोस. शैक्षणिक कर्ज तुझ्या नावावर काढ, बाबा सहकर्जदार. अर्ज त्यांच्या शेवटच्या पगाराआधी बँकेत जायला हवा. आज त्यांच्याकडे पगाराच्या स्लिपा आहेत. मेनंतर बँक विचारेल, उत्पन्न काय? साडेसात लाखांच्या वरच्या रकमेला सरकारी बँका सहसा तारण मागतात. तारणाला घर चालतं, फंड आल्यावर त्यातल्या एखाद्या मुदतठेवीवरही बोलता येतं. ठेव बाबांच्याच नावावर राहते, व्याज त्यांनाच मिळतं. हप्ते साधारण शिक्षण संपल्यावर सहा महिने ते वर्षभराने सुरू होतात. तेव्हा ते तू भरायचेस.

या रविवारी बाबांसमोर वही उघड आणि पेन्शनचा आकडा विचार. सोमवारी बँकेत. स्टुटगार्टला होकार कळवशील त्याच दिवशी तिथल्या विद्यार्थी वसतिगृहाचा अर्जही भर. खोल्या थोड्या आणि रांग लांब असते.
– मावशी