चाकणला परत यावं लागलं तर हप्ता निघेल का?

प्रश्न : ताई नमस्कार. मी २८ वर्षांचा, गाव तासगाव. मेकॅनिकल करून गेली पाच वर्षं चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत सप्लायर क्वालिटीला आहे, पगार ११ लाख. एमबीएसाठी तीन ठिकाणी अॅडमिशन मिळालीय, फ्रान्सचं इनसियाड (ऑगस्टची बॅच), इंग्लंडचं वॉरिक आणि जर्मनीचं मानहाइम. राहणं-खाणं धरून माझा हिशोब अनुक्रमे १ कोटी ३५ लाख, ८२ लाख आणि ६० लाखांवर येतो. साठवलेले २० लाख आहेत, बाकी कर्ज. ऑफिसात सगळे म्हणतात डोळे झाकून रँकिंगवर जा. वडील म्हणतात द्राक्षबाग तारण ठेवू पण नाव मोठं असेल तिकडेच जा. मला गाड्यांच्याच धंद्यात राहायचंय, फक्त शॉपफ्लोअरवरून वर सरकायचंय. जर्मन भाषेची ए-टू, म्हणजे दुसरी पातळी झालीय. डिपॉझिट भरायला तीन आठवडे उरलेत, काय करू?

उत्तर : आधी तुझं अभिनंदन, इनसियाडचं पत्र हातात असूनही तू विचार करतोयस, बरेच जण तिथेच विचार करायचे थांबतात.

बागेचं पहिलं सांगते. बहुतेक बँका शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण घेतच नाहीत, कारण कर्ज थकलं की ज्या सरफेसी कायद्याने बँक तारण विकते त्या कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. त्यांना फ्लॅट, एनए प्लॉट नाहीतर एफडी लागते. त्यामुळे वडिलांना सांग, तुमचा जीव मोठा आहे पण बँक बाग घेणार नाही, आणि जो कोणी बाग घेऊन पैसे द्यायला तयार होईल त्याच्या दारात आपल्याला जायचं नाही.

आता हप्ता. दहा टक्के व्याज आणि दहा वर्षं धरली तर इनसियाडच्या १ कोटी १५ लाखांना महिन्याला दीड लाखाच्या वर, वॉरिकच्या ६२ लाखांना ८२ हजारांच्या आसपास आणि मानहाइमच्या ४० लाखांना ५३ हजार. शिकताना चढणारं व्याज यात धरलेलं नाही. माझी कसोटी एकच आहे, सगळं फिसकटलं, व्हिसा नाही, नोकरी नाही, आणि तुला परत चाकणला उतरावं लागलं तर तो हप्ता तिथल्या पगारातून निघेल का? ५३ हजार ओढूनताणून निघतील, एमबीएनंतर थोडा बरा पगार लागला तर निघतीलच. दीड लाख नाही निघणार, आणि मग तू परत यायलाच घाबरशील, आणि घाबरलेला माणूस तिकडे मिळेल ती नोकरी धरून बसतो. हे मी ऐकीव सांगत नाही. बारा वर्षांपूर्वी मीही बाहेर जाऊन एमबीए केलं, शाळेचं नाव मोठं होतं, पण करिअर ऑफिसने वर्षभरात मला जे काय दिलं ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल, आणि पहिली नोकरी मी फक्त हप्त्याच्या भीतीने घेतली.

इनसियाड वाईट आहे का, मुळीच नाही. पण ते कशासाठी आहे ते बघ. दहा महिन्यांचा कोर्स, आणि तिथून मुलं उचलणाऱ्यांत मॅकिन्झी, बीसीजी, बेन या कन्सल्टिंगवाल्या सगळ्यात पुढे. तुला कन्सल्टिंगमध्ये जायचं असतं तर मीच म्हणाले असते की जा बाबा, घे कर्ज. शिवाय तुझी बॅच ऑगस्टची. जानेवारीच्या बॅचला मध्ये उन्हाळ्याची सुट्टी मिळते आणि इंटर्नशिप करता येते, ऑगस्टवाल्यांना ती सवड नसते. म्हणजे नवं काही चाखून बघायची संधी नाही, थेट जेवायलाच बसायचं.

रँकिंगबद्दल एक गंमत सांगते. फायनान्शियल टाइम्सच्या यादीत पगाराला मोठं वजन असतं, पण तो आकडा कोर्स संपून तीन वर्षांनी मिळणारा असतो आणि प्रत्येक देशातली महागाई लक्षात घेऊन डॉलरमध्ये बदललेला असतो. भारतात परतलेल्याचे ३० लाख त्या तक्त्यात लाख डॉलरच्या वर दिसतात. तुझ्या बँकेला ते डॉलर दिसणार नाहीत.

वॉरिक म्हणजे कॉव्हेंट्रीच्या कडेला, आणि कॉव्हेंट्री म्हणजे जॅग्वार लँड रोव्हर, जी २००८ पासून टाटांकडे आहे, म्हणजे तुझ्या धंद्याच्या दृष्टीने जागा चुकीची नाही. पण एजंट अजून ‘दोन वर्षांचा वर्क व्हिसा’ म्हणून विकत असतील तर तारीख बघायला सांग. १ जानेवारी २०२७ पासून ग्रॅज्युएट व्हिसासाठी अर्ज करणाऱ्याला १८ महिनेच मिळणार, आणि तुझा कोर्स त्यानंतरच संपतोय. पुढे राहायचं तर स्पॉन्सर करणारी कंपनी शोधायची. १८ महिने तर जर्मनीही देतं नोकरी शोधायला. मग २२ लाख जास्त कशाचे द्यायचे?

आता मानहाइम, तुझ्या बोलण्यावरून मला वाटतं तुझाही कल तिकडेच आहे. कार्ल बेंझने पहिली मोटारगाडी याच गावात बनवली, १८८६ चं पेटंट. (गाव मजेशीर आहे, मधल्या भागात रस्त्यांना नावंच नाहीत, पत्ते क्यू-सेव्हन, एल-फाइव्ह असे, एमआयडीसीतले प्लॉट नंबर वाटावेत.) नदीपलीकडे लुडविग्सहाफेनला रसायनांची बीएएसएफ, जवळ वाल्डॉर्फला सॉफ्टवेअरची एसएपी, आणि स्टुटगार्ट म्हणजे बॉश, पोर्शे. ज्यांच्या ऑडिटसाठी तू चाकणला रात्र रात्र पीपॅपच्या (पार्ट मंजूर करून घ्यायच्या) फायली लावल्यास ते लोक इथे राहतात. तुझी पाच वर्षं इनसियाडमध्ये कुणाला सांगायची म्हटलं तर समजावून सांगावी लागतील, इथे नाही.

पण गुलाबी चित्र काढणार नाही. जर्मन गाडीवाल्यांचे दिवस सध्या वाईट आहेत, फोक्सवागनने डिसेंबर २०२४ मध्ये युनियनशी करार करून २०३० पर्यंत ३५ हजार नोकऱ्या कमी करायचं ठरवलंय. अशा वेळी माणूस घ्यायचा झाला तर भाषा येणाराच घेतील. वर्ग इंग्रजीत चालेल पण कारखान्यात, सप्लायरशी, फोनवर सगळं जर्मन. ए-टूवर भाजी आणता येते, मीटिंग होत नाही. तेव्हा आजच पुण्यात मॅक्सम्युलर भवनला बी-वनसाठी नाव घाल आणि कोर्स संपेपर्यंत बी-टू गाठायचंच असं धर. त्याचा दुसरा फायदा, ब्लू कार्डवर (उच्चशिक्षितांना मिळणारा राहण्या-कामाचा परवाना) काम करताना बी-वन असेल तर २१ महिन्यांत कायम राहायचा परवाना मागता येतो, नुसतं ए-वन असेल तर २७. व्हिसासाठी एपीएसचं, म्हणजे तुझी भारतातली कागदपत्रं तपासल्याचं सर्टिफिकेट लागतं, काढलं नसेल तर आधी ते कर, त्यात वेळ जातो.

या तीन आठवड्यांत एक काम कर. मागच्या बॅचमधली भारतातून गेलेली, आधी जर्मन न येणारी चार-पाच मुलं लिंक्डइनवर शोध आणि विचार, पहिली नोकरी कितव्या महिन्यात लागली, आणि शाळेने लावून दिली की तुम्हीच शोधली. शाळा ज्यांची नावं स्वतःहून देते त्यांना नाही, तू शोधलेल्यांना. बहुतेकांनी वर्षभर चाचपडलं असं कळलं तर मला परत लिही, मी माझं मत बदलीन. तोवर माझं मत मानहाइम.

प्रश्न : मुलीचं बीकॉम झालंय, आयर्लंडला मॅनेजमेंट शिकायचं म्हणते. एजंट फी घेत नाही पण एकाच कॉलेजचा आग्रह धरतो. शिवाय पैसे पाठवताना टॅक्स कापतात म्हणे? – एक वडील, अमरावती

उत्तर : काका, एजंटला पैसे कॉलेज देतं, म्हणून तो तुमच्याकडून घेत नाही, आणि म्हणूनच एकाच कॉलेजचा आग्रह. त्याला एवढंच विचारा की कोर्स लेव्हल ९ चा मास्टर्स आहे की लेव्हल ८ चा हायर डिप्लोमा. मास्टर्सनंतर तिथे नोकरीसाठी दोन वर्षं थांबता येतं, लेव्हल ८ नंतर एकच. डब्लिनला ट्रिनिटी आणि यूसीडीचं स्मर्फिट आहे, तिथे मुलीला स्वतः अर्ज करू द्या, एजंट लागत नाही.

कापतात तो टीसीएस. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पैसे गेले तर लागतच नाही. स्वतःच्या पैशातून पाठवले तर आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत काही नाही, वरच्या रकमेवरच कापतात आणि तेही रिटर्न भरताना वळतं करून मिळतं. ही मर्यादा प्रत्येक पॅनला वेगळी, तेव्हा थोडे तुमच्या खात्यातून, थोडे काकूंच्या खात्यातून पाठवा, आणि कॉलेज फीचे हप्ते करून देत असेल तर एक मार्चमध्ये आणि दुसरा एप्रिलमध्ये भरा.