भाऊबीजेची ऑर्डर घेऊन डेमोला बसा

प्रश्न: ताई, रानडे रोडला आमचं साड्या आणि कुर्त्यांचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. दुसरं ठाण्याला. 2019 साली मुलाने वूकॉमर्सवर, म्हणजे वर्डप्रेसच्या साइटला दुकान जोडणाऱ्या सॉफ्टवेअरवर, वेबसाइट काढली. लॉकडाऊनमध्ये तिनेच घर चालवलं. आज तिच्यावर वर्षाला 1 कोटी 80 लाखांची विक्री आहे, सहा हजारांच्या आसपास ऑर्डरी. शिवाय नाशिक-कोल्हापूरकडचे वीसेक दुकानदार घाऊक माल उचलतात, तो व्यवहार फोनवर आणि उधारीवर. साइटवरचा साठा मुलगा रोज रात्री टॅलीतून काढून एक्सेलने चढवतो. गेल्या दिवाळीत वसुबारसेच्या संध्याकाळी साइट दोन तास बंद होती. एकच पैठणी दोघींना विकली गेली, एकीला काउंटरवर आणि एकीला ऑनलाइन. आणि भाऊबीजेच्या एका ऑर्डरीने आम्हाला पंधरा दिवस छळलं. मुलुंडच्या गिऱ्हाइकाने साडी आणि कुर्ता असा जोड घेतला, वर दहा टक्क्यांचं कूपन लावलं, थोडे पैसे आधी दिले, उरलेले पार्सल हातात पडल्यावर. मग कुर्ता घट्ट झाला म्हणून तेवढाच परत. किती पैसे परत द्यायचे यावर माझं, मुलाचं आणि सीएचं एकमत झालं नाही. आता मुलगा म्हणतो, 'एंटरप्राइझ' प्लॅटफॉर्म घेऊ. तीन एजन्सी येऊन गेल्या. एक शॉपिफाय प्लस सांगते, दुसरी ॲडोबी कॉमर्स, तिसरी सेल्सफोर्स. तिघांचीही सादरीकरणं झकास. घ्यावं कुठलं?
(एक वाचक, दादर)

उत्तर: आधी त्या शब्दाचं बघू. मुंबईत दर तिसऱ्या झेरॉक्सवाल्याच्या पाटीवर 'एंटरप्रायझेस' असतं, म्हणून आपल्याला तो ओळखीचा वाटतो. प्लॅटफॉर्म विकणारा तो वापरतो तेव्हा त्याचा अर्थ एवढाच, की किंमत वेबसाइटवर छापलेली नाही किंवा छापलेली असली तरी वाचून पाणी प्यावं लागेल.

तुमच्या पत्रात मी पैठणीपाशी थांबले. पैठणी एकच. संध्याकाळी सात वाजता तुमच्या काउंटरवर ती बांधून दिली, पण साइटला ते कळणार रात्री अकरा वाजता, मुलगा जेवून एक्सेल चढवील तेव्हा. मधले चार तास साइट गिऱ्हाइकाशी खोटं बोलत होती. सेल्सफोर्स असतं तरी तेवढंच खोटं बोललं असतं, फक्त जास्त महाग आवाजात. ही बिघाडी प्लॅटफॉर्मची नाही. काउंटरवरचं बिल फाटताक्षणी साइटवरचा आकडा खाली यायला हवा, आणि हे काम बिलिंगच्या सॉफ्टवेअरला साइटशी जोडून होतं. टॅलीला वूकॉमर्स किंवा शॉपिफायशी जोडणारी तयार साधनं बाजारात आहेत. मात्र विकणाऱ्याला विचारा की साठा किती मिनिटांनी सरकतो. 'रिअल टाइम' असं उत्तर आलं तर घड्याळ लावून दाखवायला सांगा.

आता बंद पडलेली साइट. तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी पैज लावते की होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा, 2019 चंच आहे, एका सर्व्हरवर पाचपन्नास बिऱ्हाडं असलेलं. एरवी ते चालतं, कारण साड्यांची पानं सगळ्यांना सारखीच दिसतात आणि एकदा तयार करून ठेवलेली प्रत पुन्हा पुन्हा देता येते. कार्ट आणि पैसे भरायचं पान मात्र प्रत्येकाचं वेगळं. वसुबारसेला सगळे एकदम तिथेच येतात आणि प्रत्येक पान नव्याने रांधावं लागतं. त्यात आणखी एक गोम आहे. जुन्या वूकॉमर्समध्ये ऑर्डरी वर्डप्रेसच्या लेखांच्याच तक्त्यात साठतात. ऑर्डरींसाठी वेगळे तक्ते आले आणि ऑक्टोबर 2023 पासून नव्या साइटना ते आपोआप मिळू लागले. जुन्या साइटना ते स्वतःहून चालू करावे लागतात. तुमच्या मुलाने केलेत का, विचारा. नसतील तर सहा वर्षांच्या ऑर्डरी, साड्यांची पानं आणि 'साडीची निगा' वगैरे लेख एकाच कपाटात कोंबलेले असतील.

म्हणजे तुमच्या तीन दुखण्यांपैकी दोन दुखणी चांगलं होस्टिंग आणि साठ्याची जोडणी यांनी बरी होतील. तिसरं, भाऊबीजेचं, खरं अवघड आहे आणि तेच तुमच्या कामाचं आहे. त्याकडे येते. त्याआधी तिघांबद्दल थोडं.

शॉपिफाय कॅनडातल्या ओटावाची कंपनी. स्नोबोर्ड विकणाऱ्या पोराला मनासारखं दुकानाचं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्याने स्वतःच लिहिलं, आणि 2006 मध्ये ते इतरांना खुलं झालं. सर्व्हर त्यांचा, डागडुजी त्यांची. दिवाळीत साइट पडेल का, ही काळजी बऱ्यापैकी जाते. 'प्लस' ही त्यांची मोठ्यांसाठीची योजना, तीन वर्षांच्या करारावर महिना 2,300 डॉलरपासून. रुपयांत दोन लाखांच्या आसपास धरा. तुमची ऑनलाइन विक्री महिन्याला सरासरी पंधरा लाख. पंधरातले दोन नुसत्या भाड्याला! रानडे रोडवर गाळ्याचं भाडं या हिशेबाने कुणी मागितलं असतं तर तुम्ही चहाही न पाजता पाठवलं असतं. त्यात त्यांची स्वतःची पेमेंट सेवा भारतात नाही. म्हणून गेटवेचे, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या कंपनीचे, साधारण दोन टक्के वेगळे आणि त्यावर शॉपिफायचं स्वतःचं व्यवहारशुल्क वेगळं. प्लसवर ते कमी होतं, पण कमी होऊन दोन लाख वसूल व्हायला विक्री कितीतरी मोठी लागते. साध्या योजना महिना काही हजारांत आहेत, आणि एजन्सीने त्यांचं नाव काढलं नसेल तर का काढलं नाही, हे विचारण्यासारखं आहे.

ॲडोबी कॉमर्स म्हणजे पूर्वीचं मॅजेन्टो. 2008 पासून बाजारात. 2011 मध्ये ईबेने घेतलं, 2015 मध्ये गुंतवणूकदारांकडे गेलं, 2018 मध्ये ॲडोबीने 1.68 अब्ज डॉलरला घेतलं. चाळ तीच, मालक बदलत गेले. याच्या पोटात घाऊक व्यापाराची खरी सोय आहे: प्रत्येक दुकानदाराला वेगळा दर, कोटेशन, उधारीची मर्यादा. तुमच्या नाशिक-कोल्हापूरवाल्यांसाठी हे अगदी बेतलेलं वाटेल. पण ही सोय फुकटच्या मॅजेन्टो ओपन सोर्समध्ये नाही, परवान्याच्या आवृत्तीतच आहे, आणि परवान्याची किंमत उलाढालीप्रमाणे ठरते. वर दर काही महिन्यांनी सुरक्षेचे पॅच, म्हणजे दुरुस्तीची ठिगळं, लावायचे, त्यासाठी जाणकार माणूस पदरी हवा. मॅजेन्टो 1 चा आधार जून 2020 मध्ये संपला, तेव्हा लोकांना वाटलं की पुढची आवृत्ती टाकली की झालं. प्रत्यक्षात दुकान पायापासून नव्याने बांधावं लागलं. वीस दुकानदारांसाठी हा उपद्व्याप करू नका. ते वीस जण तुमच्या आवाजावर माल उचलतात, त्यांना लॉगिन दिलंत तरी फोनच करणार.

सेल्सफोर्सबद्दल दोनच वाक्यं. हे मुळात डिमांडवेअर, 2016 मध्ये 2.8 अब्ज डॉलरला घेतलेलं, आणि पैसे विक्रीच्या टक्क्याने मोजतं. अनेक देशांत अनेक ब्रँड चालवणाऱ्यांसाठी ते बांधलंय. रानडे रोड आणि ठाणे यांच्यात अजून तरी सरहद्द नाही.

कुठलाही तीन वर्षांचा करार म्हणजे विरार फास्ट. चढलात की मधे अंधेरीला उतरू म्हणून चालत नाही, दारातले लोक उतरू देत नाहीत.

आता भाऊबीज. मी बावीस वर्षं लोअर परळच्या एका रिटेल कंपनीत हेच करत होते, आणि डेमोत कधीही न फसणारी एक गोष्ट शिकले. एजन्सीचा डेमो नेहमी लाल टी-शर्टवर होतो. मीडियम साइज, एक नग, कार्डाने पैसे, धन्यवाद. असलं गिऱ्हाईक मी आयुष्यात पाहिलेलं नाही. तुम्ही त्यांच्यासमोर मुलुंडची ऑर्डर ठेवा. जशीच्या तशी, बिलासकट.

बघा त्यात काय काय आहे. समजा कुर्ता करापूर्वी 2,700 चा. शिवलेल्या कपड्यांवर 22 सप्टेंबर 2025 पासून नगाला 2,500 पर्यंत 5 टक्के जीएसटी आणि त्यावर 18. दहा टक्के कूपन लावलं की कुर्ता 2,430 ला उतरला, म्हणजे 18 वरून 5 वर आला. प्लॅटफॉर्म सूट आधी वजा करून मग कर ठरवतो, की छापील भावावर ठरवून मोकळा होतो? साडीचा दर वेगळा चालतो, तेव्हा कूपन दोन्ही नगांवर वाटलं जायला हवं. जोडाला तुम्ही एकच किंमत लावली असेल तर कायद्याने तो 'मिश्र पुरवठा' ठरू शकतो आणि सगळ्यावर वरचा दर लागतो. एकमत न होण्याचं मूळ बहुधा इथे आहे, सीएंना हाच शब्द घेऊन विचारा. मग कुर्ता परत आला. कूपन 'जोड घेतल्यास' होतं का? मग उरलेल्या एकट्या साडीवर ते राहतं की जातं? हे तुम्ही ठरवायचं, सॉफ्टवेअरने नाही; पण ठरवलेलं त्याला पाळता आलं पाहिजे. क्रेडिट नोट, म्हणजे परत आलेल्या मालाचं उलटं बिल, निघते का? आगाऊ रक्कम यूपीआयने आलेली, उरलेली कुरिअरवाल्याने रोख घेतलेली, तर परतावा कुठल्या वाटेने? आणि परत आलेला कुर्ता दादरच्या साठ्यात चढतो की ठाण्याच्या? पार्सल दारातूनच परत फिरलं तर त्याला या धंद्यात आरटीओ म्हणतात (ताडदेवचं नव्हे, पण डोकेदुखी तेवढीच), त्याचं दोन्ही वेळचं भाडं कुठे दिसतं?

लॅपटॉपवर करून दाखवा म्हणा. 'हे कस्टमाइज होईल' असं वाक्य जितक्यांदा येईल तितक्या रेघा वहीत ओढा. प्रत्येक रेघ म्हणजे पुढचं बिल.

माझं मत विचारलंत, तर या दिवाळीपर्यंत प्लॅटफॉर्म बदलू नका. होस्टिंग हलवा, ऑर्डरींचे तक्ते बदला, टॅली जोडा. तक्रार अधिकाऱ्याचं नाव साइटवर आहे ना तेही बघून घ्या. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ते लागतं, आणि तक्रारीची पोच 48 तासांत द्यावी लागते. बहुतेक तुमचंच नाव टाकावं लागेल. जानेवारीत, संक्रांतीची गर्दी ओसरली की, साधं शॉपिफाय आणि सुधारलेलं वूकॉमर्स या दोघांनाच मुलुंडच्या ऑर्डरीला बसवा. मुलगा नाराज होईल. त्याला सांगा, 2019 मध्ये त्याने निवडलेलं वूकॉमर्स अजून टिकलंय, ते चुकीचं नव्हतं.

प्रश्न: आम्ही प्लॅटफॉर्म बदलायचं नक्की केलंय. गूगलवर आमची दुकानं वर दिसतात, ती खाली जातील का?
(एक वाचक, विलेपार्ले)

उत्तर: जाऊ शकतात, आणि कसं ते मी स्वतःच्या हाताने करून बघितलंय. आम्ही ऐन सप्टेंबरात नव्या प्लॅटफॉर्मवर गेलो. अकरा हजार पानांचे जुने पत्ते नव्याशी जुळवायची एक्सेल शीट होती. ती अर्धीच झाली. वेळ नाही म्हणून उरलेले सगळे पत्ते आम्ही सरळ मुख्यपानावर वळवले. निर्णय माझा होता. म्हणजे एखादी बाई 'हिरवी नारायणपेठ' शोधून आली की तिला समोर दिसायचा बेडशीटचा सेल! ती परत जायची, आणि गूगलही हळूहळू ती पानं विसरलं. तो सीझन आम्ही जाहिरातींवर पैसे ओतून काढला.

तेव्हा प्रत्येक जुन्या पत्त्याला त्याच्याच जोडीचं नवं पान, कायमच्या 301 वळणाने (जुना पत्ता उघडला की आपोआप नव्यावर नेणारी सूचना). माल कायमचा संपला असेल तर जवळच्या प्रकाराचं पान. निदान ज्या पाचशे पानांवर लोक खरोखर येतात, ती तरी हाताने तपासा. गिऱ्हाइकांचे पासवर्ड बहुधा नव्या घरी येत नाहीत, प्रत्येकाला नवा घ्यावा लागतो. आधी कळवा, नाहीतर लोकांना वाटतं आपलं खातं कुणी फोडलं. गिफ्ट व्हाउचरची शिल्लक मात्र विसरू नका. ते लोकांचे पैसे आहेत.

प्रश्न: मी घरी पापड-कुरडया करते. महिन्याला चाळीसेक ऑर्डरी येतात. शॉपिफाय घेऊ की वूकॉमर्स?
(एक वाचक, गिरगाव)

उत्तर: दोन्ही नको. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये कॅटलॉग लावा, पैसे यूपीआयने घ्या, ऑर्डर वहीत लिहा. पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी क्रमांक हवा, तो नसेल तर त्याच्या मागे आधी लागा. चाळिसाच्या चारशे झाल्या की पुन्हा लिहा. आणि कुरडया कुरिअरने न मोडता कशा पाठवता तेवढं कळवा. सोलापूरहून मावशी पाठवते, त्यांचा आमच्याकडे पोहोचेपर्यंत चुरा झालेला असतो.