टॅब हातात देण्याआधी

बोलता न येणाऱ्या मुलीसाठी टॅब घेतलात, चित्र दाबलं की शब्द बोलून दाखवणारं ॲप टाकलंत, आता ती बोलेल म्हणून वाट बघत बसू नका. आधी बोलायचंय तुम्ही. तिच्याशी बोलता बोलता तुम्हीच चित्रांवर बोट ठेवत जा: "अजून", "नको", "थांब", "जा". तिने लगेच दाबायलाच हवं असं नाही. आमच्याकडे कित्येक आठवडे मी एकटीच दाबत होते. मग एकदा केस विंचरताना लेकाने टॅब ओढला, "थांब" दाबलं आणि माझ्याकडे बघितलं. मी फणी तिथेच खाली ठेवली. "थांब" म्हटल्यावर कोणी थांबलं, तरच तो पुन्हा म्हणणार ना!

"हे काय, ते काय" अशी परीक्षा घेऊ नका. काही विचारलंत तर मनात दहापर्यंत मोजा. हात धरून दाबायला लावू नका. चित्रांच्या जागा सारख्या हलवू नका, टायपिंगसारखी बोटांना जागा पाठ होते.

व्हिडिओसाठी जमलं तर वेगळा टॅब. एकच असेल तर आयपॅडमध्ये 'गाइडेड ॲक्सेस' आहे, अँड्रॉइडमध्ये स्क्रीन पिन करता येते, म्हणजे बोलायचं ॲपच उघडं राहतं. आणि शिक्षा म्हणून टॅब काढून घेणं? तोंडाला चिकटपट्टी लावण्यासारखंच ते.

टॅबमुळे तोंडाने बोलणं मागे पडेल ही भीती मलाही होती. अभ्यासांत तसं दिसलेलं नाही. काही मुलांचं बोलणं उलट थोडं वाढतं. शब्द निवडताना स्पीच थेरपिस्टला सोबत घ्या. ॲपचा बॅकअप ठेवा, आणि त्यातलं चित्रांचं मुख्य पान छापून, लॅमिनेट करून दप्तरात टाका. चार्जिंग नको तेव्हाच संपतं.