चेक परत आला तर पैसे बँकेकडून मागता येतात का?

तुम्ही विचारलंय, चेकवर ड्रॉवी, म्हणजे पैसे द्यायचा हुकूम ज्याच्या नावे असतो तो, बँकच असते, मग चेक परत आल्यावर वसुली बँकेकडून का नाही? नाही करता येत. तुमचं येणं चेक लिहून देणाऱ्याकडून आहे, त्याच्याच मागे लागा.

पण म्हणून बँक मोकळी सुटते असं कुणी समजू नये. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, १८८१, कलम ३१ : खातेदाराचे पुरेसे पैसे हातात असताना बँकेने चेक वटवला नाही, तर त्याचं जे नुकसान होईल ते बँकेने भरून द्यायचं. खातेदाराचं, तुमचं नाही. हे कलम मला पाठ झालं ते २००९ साली.

इचलकरंजीत आमचे आठ माग होते. सुताच्या व्यापाऱ्याला मी ८६,५०० रुपयांचा चेक दिला, खात्यात लाखाच्या वर शिल्लक. चेक परत आला. चेकसोबत बँकेने कारणाचा मेमो दिलेला, त्यावर 'फंड्स इन्सफिशंट' म्हणजे शिल्लक अपुरी, यासमोर निळ्या पेनाची टिक. व्यापाऱ्याने सूत बंद केलं आणि अकरा दिवस माग उभे राहिले. काका सगळ्यांदेखत म्हणाले, "बँक कशाला खोटं बोलंल? पैसे तूच कुठंतरी घातले असशील." आबा काहीच बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

पासबुक भरून घेतलं आणि थेट मॅनेजरसमोर ठेवलं. बँकेत खातं नंबर टाकताना शेवटच्या दोन आकड्यांची अदलाबदल झाली होती, चेक दुसऱ्याच्याच खात्याला लागला होता. मॅनेजर म्हणाले, "परत भरायला सांगा, वटेल." मी हललो नाही. चूक बँकेची आहे असं व्यापाऱ्याच्या नावाचं पत्र, सही-शिक्क्यासकट घेऊनच उठलो. चेक रिटर्नचे चार्जेसही परत मिळाले. मागांच्या नुकसानीचा दावा मात्र आबांनी करू दिला नाही, "बँकेशी वैर नको" म्हणाले. ते चुकलंच. काका अजून लग्नकार्यात "ह्याचा चेक परत आलेला" म्हणून सांगतात. पत्र दाखवलं तरी वाचत नाहीत.

तेव्हा समोरच्याला लबाड ठरवण्याआधी त्या तारखेचं स्टेटमेंट मागा. शिल्लक दिसली तर त्यालाच बँकेत पाठवा, लेखी आणायला लावा.

फक्त यात दिवस घालवू नका. शिल्लक खरंच नसेल तर त्याच कायद्याच्या कलम १३८ ची (चेक न वटल्याच्या गुन्ह्याची) नोटीस मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत गेली पाहिजे. नोटीस पोचल्यावर त्याला १५ दिवस, आणि तेवढ्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात कोर्टात तक्रार. सही जुळत नसेल, स्टॉप पेमेंट (खातेदारानेच चेक थांबवलेला) असेल किंवा खात्यावर जप्ती असेल तर शिल्लक असूनही बँकेला दोष देता येत नाही. हुंडीचं, म्हणजे दुसऱ्याला अमुक पैसे द्या असं लिहून दिलेल्या कागदाचं, निराळं आहे : तिथं ड्रॉवीने स्वीकारल्याची सही केली की देणं त्याच्यावर येतं, नुसतं नाव घातल्याने तो बांधला जात नाही.