सेरोटोनिन परत उचलणारे प्रथिन

प्रश्न : आईला नैराश्यासाठी एस्सिटॅलोप्रॅमची गोळी सुरू होऊन दहा दिवस झाले. ती मेंदूतील सेरोटोनिन वाढवते म्हणतात. मग फरक का दिसत नाही?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : सेरोटोनिन हे चेतापेशींमध्ये निरोप पोहोचवणारे रसायन आहे; ही गोळी ते नव्याने तयार करत नाही. एका चेतापेशीने शेजारच्या पेशीसाठी मधल्या सूक्ष्म फटीत सोडलेले सेरोटोनिन निरोप पोहोचवल्यावर तिथेच पडून राहत नाही. सोडणाऱ्या पेशीच्या आवरणातील वाहक प्रथिन ते परत आत घेते आणि त्यातील बरेचसे पुन्हा वापरले जाते. मेंदूची ही काटकसर मला विलक्षण वाटते. (नॉरअ‍ॅड्रेनलिन हे दुसरे निरोप्या रसायनही असेच परत घेतले जाते, हे दाखवणारे ज्युलियस अ‍ॅक्सेलरॉड १९७० च्या नोबेलचे एक मानकरी होते.) वाहकाला लागणारी शक्ती सोडियम पुरवते : पेशीबाहेर भरपूर असलेले सोडियम आत शिरताना सेरोटोनिनलाही सोबत नेते. २०१६ मध्ये या प्रथिनाची रचना प्रसिद्ध झाली, तेव्हा दिसले की एस्सिटॅलोप्रॅम सेरोटोनिनच्याच जागी बसते आणि प्रथिनाला बाहेरच्या बाजूने उघडे असतानाच जखडून ठेवते; त्यामुळे सेरोटोनिन परत आत न जाता फटीत वाढते. कोकेनही असेच वाहक अडवते, मुख्यतः डोपामाइन या आणखी एका निरोप्या रसायनाचे.

ही अडवणूक काही तासांतच सुरू होते. परंतु वाढलेले सेरोटोनिन जाणवताच ते सोडणाऱ्या पेशी स्वतःचा वेग कमी करतात, आणि हा लगाम सैल व्हायला काही आठवडे लागतात, हे विलंबाचे एक प्रमुख कारण मानले जाते. दहा दिवस म्हणूनच फार कमी आहेत. गोळी स्वतःहून बंद करू नका. मात्र अस्वस्थता वाढली किंवा जीवाचे बरेवाईट करण्याचे विचार आईंनी बोलून दाखवले, तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा.